मेडिकलच्या काउंटरवर: नाव कशासाठी, नंबर कशासाठी?

औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली की हल्ली गोळ्यांच्या आधी प्रश्न येतात. पेशंटचं नाव काय? डॉक्टर कोण? मोबाइल नंबर सांगा. काही दुकानांत त्यापुढे ‘आभा नंबर आहे का?’ असंही विचारतात आणि क्वचित कुठे आधार कार्डही मागतात. मागे रांग असते, घरी कुणीतरी तापाने फणफणलेलं असतं, म्हणून आपण सगळी उत्तरं एका दमात देऊन मोकळे होतो.

पण हे सगळे प्रश्न एकाच वजनाचे नाहीत. त्यातले काही कायद्याने विचारावेच लागतात. काही दुकानाच्या व्यवसायासाठी असतात. काहींना तर औषध विकण्याशी काहीच देणंघेणं नसतं. कुठला प्रश्न कुणाचा आहे हे ओळखता आलं, तर दुकानदाराशी वाद न घालताही आपली खासगी माहिती जपता येते. म्हणून हे प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ते समजून घेऊ.

नाव आणि डॉक्टर

भारतातली औषधविक्री औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालच्या १९४५ च्या नियमांवर चालते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेल्या औषधाची नोंद दुकानाने ठेवायची, असं हे नियम सांगतात. ही नोंद प्रिस्क्रिप्शन रजिस्टरमध्ये करता येते किंवा बिलावर. तिच्यात विक्रीची तारीख, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं नाव, किती दिलं, कंपनी, बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. खाली फार्मासिस्टची सही असते.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर ती बॅच कुठल्या दुकानातून कुणाला गेली याचा माग या नोंदीतून काढता येतो. चिठ्ठी खोटी असल्याचा संशय आला, तर डॉक्टरांपर्यंत पोचता येतं. विम्याचा दावा करताना बिलावर रुग्णाचं नाव लागतंच. म्हणून चिठ्ठीवरचं औषध घेताना खरं नाव सांगावं. चिठ्ठीवर ‘सुनंदा’ आणि बिलावर ‘कॅश’ असं लिहून घेण्यात नुकसान आपलंच आहे.

तापासाठी साधी पॅरासिटामॉल, जुलाबावर ओआरएसची पाकिटं किंवा जखमेसाठी बँडेज घ्यायला गेलात, तर मात्र चिठ्ठीही लागत नाही आणि तिच्यामागून येणारी ही नोंदही लागत नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळीही चिठ्ठीशिवाय मिळते. ती घेणाऱ्या मुलीला नाव-गाव विचारायचं कारण नाही.

लाल चौकटीची औषधं

घरात अँटिबायोटिकची स्ट्रिप असेल, तर ती उलटून पाहा. बऱ्याच स्ट्रिपांवर लाल रेषांची एक चौकट दिसेल. हे शेड्यूल एच वनचं औषध असून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे, अशा अर्थाचा इशारा त्या चौकटीत छापलेला असतो. कोपऱ्यात ‘आरएक्स’ हे चिन्हही लाल रंगात असतं.

हे शेड्यूल ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित झालं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम यांसारखी अँटिबायोटिक्स त्यात आहेत. आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉलसारखी क्षयरोगाची औषधं आहेत. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल यांसारखी सवय लागू शकणारी औषधंही आहेत. अँटिबायोटिक्स वाटेल तशी घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि झोपेच्या गोळ्यांची सवय सुटता सुटत नाही. विक्रीवर लगाम बसावा, हाच या शेड्यूलचा हेतू होता.

या औषधांसाठी दुकानात वेगळं रजिस्टर असतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेली संख्या लिहायची. विक्री झाली त्याच वेळी लिहायची. हे रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवावं लागतं आणि औषध निरीक्षक तपासणीला आले की दाखवावं लागतं. शेड्यूल एक्सच्या औषधांना याहून कडक नियम आहेत. केटामाइन किंवा लक्ष न लागण्याच्या विकारावरचं मिथाइलफेनिडेट घेताना चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. त्यातली एक दुकानदार २ वर्षं स्वतःकडे ठेवतो.

तेव्हा अल्प्राझोलाम घेताना फार्मासिस्टने चिठ्ठी नीट वाचली, नाव विचारलं, वहीत लिहिलं, तर त्यात अपमान मानून घेऊ नये. तो त्याचं काम चोख करतो आहे. उलट चिठ्ठी न बघता अशी गोळी देणाऱ्या दुकानापासून सावध राहावं. पण त्या रजिस्टरसाठी नियमाने सांगितलेल्या गोष्टींची यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात मोबाइल नंबर नाही, आधार नाही, आभाही नाही.

क्षयरोगाची गोष्ट वेगळी

एका आजाराच्या बाबतीत दुकानदाराला माहिती पुढे कळवावीच लागते, आणि तो आजार म्हणजे क्षयरोग. टीबीच्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं डॉक्टर आणि रुग्णालयांना २०१२ मध्ये बंधनकारक झालं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली. ही माहिती सरकारच्या निक्षय या यंत्रणेत जाते आणि इथे रुग्णाचा फोन नंबर विचारण्याला कारण आहे. टीबीचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. मध्येच गोळ्या सोडल्या तर औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका असतो, आणि घरातल्यांनाही लागण होऊ शकते. आरोग्य कर्मचारी रुग्णापर्यंत पोचले तरच उपचार तडीला जातो. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसेही मिळतात. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

पण कळवायचं ते आरोग्ययंत्रणेला. आळीत, नातेवाइकांत किंवा रुग्णाच्या मालकाला नाही. समाजाच्या आरोग्यासाठी दिलेली माहिती समाजात पसरवायची नसते, हा भेद प्रत्येक फार्मासिस्टने मनात पक्का ठेवायला हवा. टीबीची बातमी फुटल्यामुळे मुलीचं ठरलेलं लग्न मोडणं किंवा कुणाची नोकरी जाणं आपल्याकडे अशक्य नाही.

मोबाइल नंबर

आता सर्रास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येऊ. ‘नंबर सांगा’ म्हटलं की बरेच जण हा कायद्याचाच भाग समजतात. तसं नाही. दुकानातल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचं खातं शोधायची सर्वांत सोपी खूण म्हणजे मोबाइल नंबर. तो टाकला की आधीची सगळी बिलं पडद्यावर येतात. बीपीची कुठली गोळी कधी घेतली, किती स्ट्रिप घेतल्या, मागच्या महिन्यात काय नवं सुरू झालं, हे सगळं एका ओळीखाली एक दिसतं.

याचे फायदे खरे आहेत आणि ते मान्य करायला हवेत. आजोबांच्या गोळीचं नाव आठवत नसेल, तर दुकानदार जुनं बिल बघून सांगतो. गोळ्या संपत आल्या की आठवणीचा मेसेज येतो. बिल हरवलं तर पुन्हा मिळतं. काही दुकानं नंबरावर सूटही देतात. सूट हवी म्हणून स्वतःहून नंबर देणं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. फक्त सुटीच्या बदल्यात आपण आपल्या औषधांचा इतिहास देतो आहोत, हे माहीत असावं.

धोका कुठे असतो, ते एका घराच्या उदाहरणातून पाहू. चौघांच्या कुटुंबाची औषधं वर्षानुवर्षं वडिलांच्या नंबरावर लिहिली जातात. थोरली मुलगी नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ लागली आहे. घरी तिने अजून सांगितलेलं नाही, वेळ आली की सांगणार आहे. ती चिठ्ठी घेऊन नेहमीच्या मेडिकलमध्ये जाते. काउंटरवरचा मुलगा सवयीने विचारतो, ‘पप्पांच्याच नंबरावर टाकू ना?’ ती गोंधळून ‘हो’ म्हणते. पाच मिनिटांत एस्सिटालोप्रामचं बिल वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर पोचतं. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही जी गोष्ट तिने तिच्या तोंडाने, तिच्या वेळी सांगायची होती, ती एका बिलाने सांगून टाकली.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाजूक औषध घेताना ‘नंबर टाकू नका, छापील बिल द्या’ असं सुरुवातीलाच सांगावं. आणि एका नंबरावर सगळं घर लिहून ठेवण्याची सवय मोडावी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या औषधांवर पहिला हक्क त्याचा स्वतःचा आहे.

औषधावरून आजार ओळखताना होणारी चूक

बिलांचा इतिहास दुसऱ्या कुणाच्या हाती गेला तर काय बिघडतं, असं काही जण विचारतात. ‘आपल्याला लपवण्यासारखं काय आहे?’ हे वाक्य तर ठरलेलंच. पण औषधाचं नाव वाचणारा माणूस आजाराचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज बरेचदा चुकतो.

मेटफॉर्मिन मधुमेहाची गोळी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पीसीओएस असलेल्या, मधुमेह नसलेल्या तरुण मुलींनाही डॉक्टर ती देतात. अॅमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचं औषध आहे, पण कमी मात्रेत ते मायग्रेनसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठीही देतात. सिल्डेनाफिलवर तर लोक लगेच भुवया उंचावतात. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढण्याच्या गंभीर आजारात बायकांनाही तेच औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मलेरियासाठी असतं, तसं संधिवातासाठीही.

औषध कशासाठी दिलं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. बिलाची यादी वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं. तीच यादी नंबरासकट जाहिरातदाराकडे, विमा विकणाऱ्याकडे किंवा ओळखीतल्या कुणाकडे गेली, तर माणसाच्या माथी त्याला नसलेला आजार मारला जाऊ शकतो. मग तो खोडून काढायचा, तर खरा आजार सांगावा लागतो. खासगीपणा जपायचा तो लाजेपोटी नव्हे. आपल्याबद्दल चुकीचं ठरवण्याची संधी कुणाला मिळू नये, म्हणूनही तो जपायचा.

आभा म्हणजे काय, आणि काय नव्हे

‘आभा’ म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. त्याचा नंबर १४ अंकी असतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, त्याचा हा पाया. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी जे ‘आयुष्मान कार्ड’ मिळतं, ते वेगळं. त्या कार्डाचा संबंध पंतप्रधान जन आरोग्य योजनेशी आहे. आभा काढलं म्हणून मोफत उपचार मिळत नाहीत, आणि आभा नाही म्हणून कुणाचे उपचार अडत नाहीत. आभा ऐच्छिक आहे.

त्याचं काम चालतं ते असं. तुमचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या एखाद्या मोठ्या सरकारी गोदामात गोळा होत नाहीत. ज्या रुग्णालयात, लॅबमध्ये किंवा दवाखान्यात कागद तयार झाला, तिथेच तो राहतो. आभा नंबर त्या विखुरलेल्या कागदांना एकमेकांशी जोडतो. उद्या नव्या डॉक्टरांना तुमचा जुना रिपोर्ट पाहायचा असेल, तर त्यांच्याकडून विनंती येते. ती तुमच्या मोबाइलमधल्या अॅपवर दिसते. त्या विनंतीत चार गोष्टी असतात: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखांमधले कुठले कागद, आणि ही परवानगी कधी संपणार. तुम्ही ती मान्य करू शकता, तारखा किंवा कागद कमी करू शकता, नाकारू शकता. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते.

ही रचना विचार करून केलेली आहे आणि दीर्घ आजारात ती उपयोगी पडते. गाव बदललेल्या किंवा चार डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाची फाइल हरवत नाही. पण ही सगळी सुरक्षा संमतीच्या त्या एका पायरीवर टिकून आहे, आणि काउंटरवर तीच पायरी निसटते. ‘काका, एक ओटीपी आला असेल, सांगा’ असं दुकानातला मुलगा म्हणतो आणि काका सांगून मोकळे होतात. त्या ओटीपीने नवं आभा खातं उघडलं गेलं, जुनं जोडलं गेलं की आणखी काही झालं, हे काकांना कळतच नाही. म्हणून मेसेजमध्ये ओटीपी कशासाठी आलाय हे वाचल्याशिवाय तो कुणालाही सांगू नये. आभा हवं असेल तर घरी, सावकाश, स्वतःच्या फोनवर काढावं. आणि साधं औषध विकत घेण्यासाठी आभा नंबर लागत नाही.

आधारचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याचं खासगी संस्थांना आधार वापरण्याची वाट मोकळी करणारं कलम तेवढ्यापुरतं रद्द केलं. सरकारी योजनेच्या लाभासाठी ओळख पटवणं ही वेगळी बाब आहे. पैसे मोजून औषध घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आधार दाखवायची गरज नाही. ओळखपत्राची खरंच गरज पडली, तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते.

कायदा कुणाच्या बाजूला आहे

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

या कायद्यात कलमांसोबत काही उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं एक थेट औषधाच्या दुकानाचं आहे. एक बाई औषध घेते. स्वतःहून आपली माहिती देते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणते. कायदा सांगतो की पावती पाठवण्याच्या कामासाठी दुकानाने ती माहिती वापरावी. पावतीसाठी दिलेला नंबर पावतीसाठी. त्याच नंबरावर पुढे मधुमेहाच्या पावडरींच्या जाहिराती पाठवायच्या असतील, तर त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती घ्यावी लागेल.

दिलेली संमती मागे घेऊन माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्कही या कायद्यात आहे. पण दुसऱ्या कायद्याने जी नोंद ठेवणं भाग आहे, ती पुसता येत नाही. म्हणजे एच वनच्या रजिस्टरमधलं तुमचं नाव ३ वर्षं तसंच राहणार. संगणकात ग्राहकाच्या खात्यावर टाकलेला तुमचा मोबाइल नंबर मात्र काढायला सांगता येईल. या लेखात सुरुवातीपासून जो फरक पाहतो आहोत, तोच कायद्यानेही केला आहे.

मे २०२७ पर्यंत ग्राहक उघडा पडतो, असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याची गरज नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानांनी मोबाइल नंबरासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये बजावलं होतं. मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने विश्वासाने कळलेली एचआयव्हीबाबतची माहिती लेखी संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे. न्यायालयाचा आदेश यांसारखे अपवाद तेवढे वगळले आहेत.

काउंटरवर काय म्हणावं

भांडायची गरज सहसा पडत नाही, शांतपणे विचारलं तरी पुरतं. ‘नंबर कशासाठी हवाय?’ हा पहिला प्रश्न. ‘सिस्टिम पुढे जात नाही’ असं उत्तर आलं, तर ‘नंबर न देता बिल करा, मला छापील बिल चालेल’ असं म्हणावं. चिठ्ठीचा फोटो काढून घेत असतील, तर तो दुकानाच्या संगणकात जातो की कामगाराच्या खासगी फोनमध्ये, हे विचारावं. औषध कसं घ्यायचं हे सगळ्यांसमोर समजून घ्यायचं नसेल, तर ‘जरा बाजूला येऊन सांगता का?’ असं निःसंकोच म्हणावं. चिठ्ठी असूनही केवळ नंबर दिला नाही म्हणून औषध नाकारलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. औषधविक्रीच्या नियमांबद्दलची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर नोंदवता येते.

फार्मासिस्ट बंधुभगिनींनाही कळकळीने सांगायचं आहे. गावातल्या, वस्तीतल्या माणसांचे आजार डॉक्टरांच्या खालोखाल तुम्हाला माहीत असतात. गर्भनिरोधक गोळ्यांचं नाव मोठ्याने ओरडून मागच्या खोलीतून मागवू नका. औषध कागदी पिशवीत घालून द्या. बिलाचा पडदा गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवू नका. नंबर मागताना ‘द्यायचा असेल तर’ हे तीन शब्द जोडा, आणि काउंटरवरच्या नव्या मुलांनाही ते शिकवा. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

आपल्या आजाराची चर्चा होईल या भीतीने माणूस ओळखीचं दुकान टाळतो, लांबच्या गावाहून औषध आणतो आणि जमेनासं झालं की औषधच सोडतो. टीबीच्या, मानसिक आजाराच्या, एचआयव्हीच्या उपचारात औषध मध्येच सुटणं जिवावर बेतू शकतं. म्हणून काउंटरवर पाळलेली गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे. ती मागताना रुग्णाने संकोच करू नये आणि ती देताना दुकानदाराने हात आखडता घेऊ नये.